फॉर्म भरण्याआधी पहिला पगार सांगा

मा. चंद्रकांतदादा पाटील,
उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य



बारावीचा निकाल लागला की आमच्या वरळीत दोन तऱ्हेचे बॅनर लागतात. एकावर परिसरातल्या गुणवंतांचे फोटो असतात आणि त्यांच्यापेक्षा मोठे पुढाऱ्यांचे. दुसरे बॅनर खासगी कॉलेजांचे. त्यावर एक आकडा ठसठशीत छापलेला असतो: अमुक लाखांचं सर्वोच्च पॅकेज. ते पॅकेज एका मुलाला मिळालेलं असतं. त्याच्याच वर्गातल्या बाकीच्यांना पहिला पगार किती मिळाला, कितीजणांना नोकरीच लागली नाही, हे कुठल्याच बॅनरवर नसतं. मला तो दुसरा आकडा हवा आहे. तो मिळवून देणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर गेली. आता जून-जुलैत बीडीडी चाळींतली, कोळीवाड्यातली, जिजामाता नगरातली मुलं फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. टेबल बदललं, प्रश्न तोच राहिला. कर्जाच्या फायलीत सगळं असायचं: गुणपत्रिका, प्रवेशपत्र, फीचा तक्ता, वडिलांची सॅलरी स्लिप, जामीनदाराची सही. मुलाला विचारायचो, "नोकरी लागल्यावर सुरुवातीला किती मिळतील रे?" उत्तर यायचं, "काका, कॉलेजवाले चार-पाच लाखाचं पॅकेज म्हणतात." किती मुलांना, कुठल्या शाखेच्या, कधी? ते त्यालाही ठाऊक नसायचं आणि समोर बसलेल्या त्याच्या वडिलांनाही. हप्त्याचा हिशोब मात्र पक्का असे. ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याला ६,६०० रुपयांच्या आसपास. कोर्स संपल्यावर सवलतीचं एक वर्ष सरलं की तो सुरू होतो. नोकरी इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागली की कॉल सेंटरमध्ये, त्याला देणंघेणं नसतं.

जे आकडे जाहीर आहेत, ते एका ओळीत मांडून पाहिले की डोळे उघडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंट या कंपनीची फ्रेशरसाठीची जाहिरात गाजली. वर्षाला २ लाख ५२ हजार. समाजमाध्यमांवर खिल्ली उडाली, तेव्हा कंपनीने खुलासा केला की हा पगार इंजिनिअरिंग न केलेल्या, तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे. इंजिनिअरांना ४ ते १२ लाख देतो. खुलाशाने वाद मिटला, पण त्यातून जे कळलं ते जाहिरातीपेक्षा मोठं होतं. बीएस्सी किंवा बीसीए झालेल्या मुलाला महिन्याला २१ हजार, तेही कागदावर. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, व्यवसाय कर वगळा; हातात अठरा-एकोणीस हजार. इंजिनिअरांनीही फार खूश होऊ नये. मोठ्या आयटी कंपन्यांचा सर्वसाधारण फ्रेशरचा पगार साडेतीन लाखांच्या आगेमागे घुटमळतो, आणि तो दहा-बारा वर्षांपूर्वीही जवळपास तिथेच होता.

याच्या शेजारी एक सरकारी आकडा ठेवतो. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू असताना खोली रिकामी करणाऱ्या भाडेकरूला म्हाडा दरमहा २५ हजार रुपये भाडं देते. म्हणजे या भागात एका कुटुंबाला तात्पुरतं राहायला किती पैसे लागतात, याचा अंदाज शासनाने स्वतःच करून ठेवला आहे. पदवीधराचा पहिला पगार त्या भाड्यालाही पुरत नाही.

आता वैद्यकीयकडे या. अ‍ॅनी बेझंट रोडवरचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ पासून वरळीत आहे. तिथून दोन-तीन मैलांवर परळला केईएम. पोदारला बीएएमएस, केईएमला एमबीबीएस. दोन्हीकडे प्रवेश नीटच्या गुणांवर, दोन्हीकडे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या महाराष्ट्रातल्या अलीकडच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती पाहा: एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याला ६० हजार, आणि शाळकरी मुलांची तपासणी करणाऱ्या पथकातल्या बीएएमएस डॉक्टरला २८ हजार. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की दोघांचं काम सारखं नाही, त्यामुळे आयुर्वेदाच्या डॉक्टरांना समान वेतनाचा हक्क मागता येणार नाही. निकालावर वाद घालण्याइतकं माझं ज्ञान नाही. पण पसंतीक्रम भरताना एमबीबीएस हुकलं म्हणून बीएएमएस टाकणाऱ्या मुलीला हा फरक कोणी सांगतं का? तिला तो कळतो नर्सिंग होममध्ये रात्रपाळीची निवासी डॉक्टर (आरएमओ) म्हणून उभी राहते तेव्हा. वैद्यकीय शिक्षण आपल्या खात्यात येत नाही, हे मला माहीत आहे. पण प्रवेशाचा सीईटी कक्ष येतो, आणि मी मागतोय ते त्याच फॉर्मवर हवं आहे.

वकिलीचं आणखी निराळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून सांगितलं की ज्युनिअर वकिलाला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही. अशी शिफारस करावी लागते यावरूनच कळावं की आधी काय मिळत होतं. शिक्षकाचं म्हणाल, तर बीए, मग बीएड, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि एवढं सगळं पार पडल्यावर तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. हे वाढवलेले आकडे आहेत बरं का, जानेवारी २०२३ पासूनचे. त्याआधी ६, ८ आणि ९ हजार होते.

या सगळ्यात एकच दार असं आहे जिथे शाखा विचारली जात नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून पीएसआय, राज्यकर निरीक्षक किंवा सहायक कक्ष अधिकारी झालात, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ३८,६०० रुपये. मराठी साहित्यात बीए केलेलं असो की मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आकडा तोच. वरून महागाई भत्ता, घरभाडं. अभ्यासिकांमध्ये बीफार्म, बीई, बीएएमएस झालेली मुलं इतिहासाची पुस्तकं पाठ करत का बसलेली असतात, याचं उत्तर 'सरकारी नोकरीचा मोह' असं देऊन आपण मोकळे होतो. मला तो मोह वाटत नाही, हिशोब वाटतो. खासगी बाजारात ज्याच्या पदवीला १८ हजार मिळतात, त्याला इथे दुपटीहून जास्त मिळतात. गणित येणारं कोणतंही पोर हेच करील. मात्र ते गणित त्याला पदवीनंतर कळतं. तोवर तीन-चार वर्षं गेलेली असतात आणि मग परीक्षेच्या तयारीत आणखी तितकीच जातात.

आपण गिरणी कामगाराच्या घरातून आलात, हे आपण अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. म्हणून पुढचं मोकळेपणाने लिहितो.

वरळीच्या १२१ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फूट. या खोल्यांतून निघणाऱ्या माणसाचा पगार गिरणीत पाऊल टाकल्यावर ठरत असे, आणि तो ठरत असे खात्यावरून. साचे खात्यात विणकर म्हणून लागलात तर चार पैसे जास्त. सूत काढणाऱ्या रिंग खात्यात लागलात तर कमी. घामाचा आणि अकलेचा फरक फारसा नसे. पण साचे खात्यात दलितांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्या धोट्याला दलिताचं तोंड लागलेलं सवर्ण कामगाराला चालत नसे. यंत्र विलायतेहून आलेलं, विटाळ इथला. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. संपाचा कोणताही हिशोब यावाचून पुरा होत नाही: जास्त पगाराचं खातं आणि कमी पगाराचं खातं यांच्यामध्ये जी रेघ होती, ती कौशल्याने आखलेली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच गेल्या. कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली, फिनिक्समध्ये मॉल. कामगाराच्या नातवंडांनी पदवी घेतली. खात्याची जागा आता फॅकल्टीने घेतली आहे. जातीने आखलेली रेघ गेली, कायद्याने तरी. पण दुसरी रेघ आली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती आहे थांबता येण्याची.

म्हणजे काय ते सांगतो. सुरुवातीचा पगार कमी असलेल्या सगळ्या शाखा वाईट नसतात. वकील, सीए, डॉक्टर, वास्तुविशारद, संशोधक यांची पहिली वर्षं हलाखीची असतात आणि मग गाडी चढाला लागते. उलट बॅक ऑफिसचा पहिला पगार बरा वाटतो आणि पाच वर्षांनी तिथेच अडकलेला दिसतो. ज्याच्या घरी दुसरा कमावता आहे, ज्याला डोक्यावर छत आहे, तो पाच वर्षं थांबतो आणि पुढे जातो. ज्याच्या पहिल्या पगाराची वाट घरातले चौघं पाहत असतात, तो थांबू शकत नाही. आमच्या चाळीतल्या एका हुशार मुलीला वकील व्हायचं होतं. वादविवाद स्पर्धांच्या ढाली तिच्या खोलीत मावत नव्हत्या. तिने बीकॉम केलं आणि लोअर परळच्या एका ऑफिसात डेटा भरायला लागली. वडिलांची नोकरी सुटलेली, धाकटा भाऊ शाळेत. ज्युनिअरशिपची पाच वर्षं तिला परवडणारी नव्हती. तिचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण विद्यावेतन, वकिली करून वर आलेल्या जुन्या मुली, यांची माहिती कोणी समोर ठेवली असती तर तिने निर्णय निदान उघड्या डोळ्यांनी घेतला असता. तिच्यासमोर ठेवायला माझ्याकडे आकडाच नव्हता.

आकडा नाही, असं मात्र नाही. कॉलेजांच्या मानांकनाची केंद्र सरकारची यंत्रणा आहे, एनआयआरएफ. त्यात भाग घेणारं प्रत्येक कॉलेज दरवर्षी भरून देतं की कितीजण वेळेत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली, कितीजण पुढे शिकायला गेले, आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती. मध्यक म्हणजे दहावीच्या गणितातला तोच: सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. ही माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकावीही लागते. शोधा, सापडेल. पण वाचायला घेतलं की हातात काही येत नाही, कारण रकाने अभ्यासक्रमाच्या वर्षांप्रमाणे आहेत. तीन वर्षांचे पदवी अभ्यासक्रम, एक ओळ. त्याच एका ओळीत बीए मानसशास्त्र, बीकॉम, बीएस्सी रसायन, बीएमएस, आयटी सगळे कोंबलेले. ज्या फरकासाठी आकडा हवा, नेमका तोच फरक या ओळीत मिटून जातो. कॉलेजकडे शाखानिहाय यादी असतेच, तिची बेरीज करूनच ही ओळ भरली जाते. फक्त बेरीज करण्याआधीचा कागद दाखवा, एवढंच मागणं आहे.

मध्यकच का, तेही सांगतो. आयआयटी मुंबईच्या २०२३-२४ च्या प्लेसमेंट अहवालात सरासरी पॅकेज २३.५ लाख होतं आणि मध्यक १७.९२ लाख. देशातल्या सर्वांत नामांकित संस्थेतसुद्धा दोन्हींत साडेपाच लाखांची तफावत. वर्षाला कोटीच्या वर गेलेल्या मोजक्या नोकऱ्या सरासरीला वर ओढतात. त्याच वर्षी त्याच संस्थेत दहा जणांनी ४ ते ६ लाखांच्या नोकऱ्या घेतल्या, आणि प्लेसमेंटला बसलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा नोकरीविना राहिला. आयआयटीने हे लपवलं नाही, याचं मला कौतुक आहे. पवईला जमतं ते दादरला, परळला, नेरूळला जमू नये?

सिंगापूरचं उदाहरण देतो. लोकसंख्येने मुंबईच्या निम्म्याहूनही लहान. तिथल्या विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांची पाहणी होते आणि तिथलं शिक्षण मंत्रालय ती प्रसिद्ध करतं. प्रत्येक विद्यापीठ, त्यातली प्रत्येक पदवी, कितीजण नोकरीत, पगाराचा मध्यक किती, खालच्या पाव भागाला किती, वरच्या पाव भागाला किती. बारावीतल्या पोराला ते मोबाईलवर दिसतं.

आता आपल्या घरचं. तीन-चार वर्षांचा कोणताही पदवी अभ्यासक्रम घ्या. अनुदानित बीकॉमची फी काही हजारांत, विनाअनुदानित बीएमएसची कित्येक पट. दोन्ही मुंबई विद्यापीठाचेच, बऱ्याचदा एकाच इमारतीत. जास्तीच्या फीमुळे पहिल्या पगारात किती फरक पडतो? २०२४ मध्ये बीएमएस-बीबीए एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, सीईटी लागली, जागा रिकाम्या राहिल्या, काही कॉलेजांनी नाव बदलून तोच कोर्स बीकॉमखाली आणला. नावाच्या या खेळात पालक पार गोंधळले. पगाराचा रकाना समोर असता तर कॉलेजला नाव बदलून फार काही साधता आलं नसतं.

२०२४ मध्येच शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. आमच्या भागातल्या कितीतरी मुलींना त्याचा लाभ झाला. मन:पूर्वक आभार. पण ज्या कोर्सची फी शासन भरतं, त्या कोर्समधून बाहेर पडणाऱ्या मुलीला काय मिळतं हे विचारण्याचा शासनालाही अधिकार आहेच की.

तेव्हा मागणी नेमकी करतो. सीईटी कक्षाच्या प्रवेशफेरीत कॉलेजचं नाव, शाखा, मागच्या वर्षीचा कटऑफ दिसतो. त्याच ओळीत शाखानिहाय चार आकडे द्या: किती पास झाले, त्यातले किती नोकरीत लागले, पहिल्या वर्षी प्रत्यक्ष हातात येणाऱ्या मासिक पगाराचा मध्यक, आणि पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांचा आजचा मध्यक. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिल्या पगाराने वकिलीवर आणि शिक्षकीवर अन्याय होतो, आणि बॅक ऑफिसचं भलतंच कौतुक. बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश विद्यापीठांच्या नियमांनुसार कॉलेजं करतात; त्यांना कुलगुरूंमार्फत हेच सांगा. कॉलेजं म्हणतील, पास झालेली मुलं फोन उचलत नाहीत. मग भविष्य निर्वाह निधी संघटना (ईपीएफओ) आहे. पहिली संघटित नोकरी लागली की पीएफचा कायमचा क्रमांक (यूएएन) निघतो, तो आधारशी जोडलेला असतो. कोणाचंही नाव बाहेर न येता शाखेचा मध्यक काढणं केंद्राच्या मदतीने शक्य आहे. इंग्लंडमध्ये शिक्षणाच्या नोंदी कराच्या नोंदींशी जोडून हेच करतात.

इंग्लंडचं नाव घेतलं म्हणून एक ताकीदही, लहान तोंडी मोठा घास घेऊन. तिथे असे आकडे हाती आल्यावर २०२३ मध्ये सरकारने कमी पगाराच्या पदव्यांच्या जागांवर मर्यादा घालण्याची भाषा सुरू केली. पगार कमी म्हणजे विषय निकामी, असा सोपा अर्थ लावला गेला. आपल्याकडे तसं होऊ देऊ नका. हे आकडे मुलांसाठी हवेत. आर्ट्सचं अनुदान कापायला, मराठीची, इतिहासाची प्राध्यापकपदं रिकामी ठेवायला ते वापरले जाणार असतील, तर मी हे पत्र लिहिलंच नाही असं समजा. शिक्षण सेवकाला १८ हजार मिळतात, हा भाषेचा किंवा गणिताचा दोष नाही. तो पगार शासनाने ठरवला आहे. ज्या शाखांचा पहिला पगार सरकारच्याच हातात आहे, तिथे मध्यक खाली दिसला तर आधी आपल्याच सहीकडे बघावं लागेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. या घरांत आता अभ्यासाला स्वतंत्र कोपरा आहे. पुढच्या जूनमध्ये या कोपऱ्यांतून फॉर्म भरले जातील. त्याआधी एक परिपत्रक काढा, दादा. खर्च जवळपास शून्य, विरोध फक्त बॅनर लावणाऱ्या कॉलेजांचा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
वरळी, मुंबई